चार पाहुण्यांचा मुहूर्त

आमच्या ऑफिसात उपग्रहांना पाहुणे म्हणायची पद्धत होती. ती काकांनी पाडलेली. "आले का गं पाहुणे? तीनच? मग थांब. चौथा बसल्याशिवाय पंगत वाढायची नाय." फोनवर कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, सातपूरला हे मोजणीचं ऑफिस नाही, मंगल कार्यालय आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी सुरुवातीची. एका वर्कशॉपच्या माळ्यावर आमचं सर्व्हेचं ऑफिस होतं. खाली लेथ चालायची आणि वर आमची टेबलं हलायची, त्यामुळे नकाशा काढायचा तर खालच्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. साहेब, ड्रायव्हर, मी आणि काका, एवढाच कारभार. मी नुकतीच सिव्हिलचा डिप्लोमा करून लागलेली, तोंडाने फटकळ आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. काका सिन्नरकडचे. सरकारी मोजणीदार म्हणून अख्खा जिल्हा पायी तुडवून रिटायर झालेले, आणि घरी बसवत नाही म्हणून आमच्याकडे आलेले. निदान साहेबांना त्यांनी तसं सांगितलं होतं. मला ते 'इंजिनेर' म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंकाच आहे.

त्या वर्षी साहेबांनी बरीच खटपट करून उपग्रहांवर चालणारी दोन यंत्रं तीन महिन्यांसाठी मिळवली. आज हे सांगताना माझं मलाच हसू येतं. माझ्या ऑफिसातलं यंत्र आता दहा सेकंदांत बोटभर अचूक जागा सांगतं, आणि पोरं तेवढ्यातही कंटाळून मोबाईल काढतात. पण तेव्हा ती पेटी उघडायच्या आधी मी हात धुऊन आले होते, खरं सांगते. उपड्या ताटासारखी अँटेना, डब्याएवढं यंत्र, त्याला एवढासा करडा पडदा, आणि हे सगळं चालवायला जीपमधून उपसून आणलेली बॅटरी. गच्चीवर तिपाई लावली, साहेबांनी बटण दाबलं आणि आम्ही सगळे माना वर करून बघायला लागलो. वर काय दिसणार, कपाळ? कडक ऊन होतं. काका डोळ्यांवर हात धरून पाच मिनिटं शोधत राहिले.

"कुठं हायेत?"

"दिसत नाहीत काका ते," साहेब म्हणाले.

"न दिसणाऱ्याच्या भरवशावर मोजायचं व्हय?"

पंधरा मिनिटांनी पडद्यावर एक उपग्रह आला. मग दुसरा, मग तिसरा. चौथा काही येईना. खालचे लेथवाले पण हात पुसत वर आले. शेवटी चौथा आला, पडद्यावर आकडे उमटले आणि मी टाळ्याच वाजवल्या. काकांनी चष्मा पुसला, उंचीचा आकडा वाचला, ओठातल्या ओठात काही हिशेब केला आणि तोंड वाकडं केलं. नाशिकरोड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती त्यांना पाठ होती.

"तुमच्या यंत्रानं नाशिक साठ मीटर जमिनीत घातलं की."

साहेबांनी समजावलं, की हे यंत्र समुद्रापासून उंची मोजत नाही. ते पृथ्वीचा एक गुळगुळीत, हिशेबापुरता गोळा धरतं आणि तिथून मोजतं, म्हणून फरक पडतो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यानं समुद्र पाह्यलेला नाय. असू दे. शिकंल," असं म्हणून त्यांनी यंत्राच्या पाठीवर थाप मारली.

मग त्यांच्या लक्षात आलं, की यंत्र जागचं हललं नाही तरी पडद्यावरचे आकडे हलतायत. मिनिटाभरात आमची गच्ची रस्ता ओलांडून पलीकडच्या कारखान्यात जाऊन आली. साहेब म्हणाले, ज्यांचे उपग्रह आहेत ते मुद्दाम संदेशात खोट मिसळतात, पण दोन यंत्रं दोन जागी एकाच वेळी लावली तर दोघांत सारखीच खोट येते आणि हिशेबात ती उडून जाते. हे ऐकून मात्र काका एकदम खूश झाले.

"म्हंजे एकटा खोटं बोलतो, अन् दोघांना एकाच टायमाला बसवून इचारलं की खरं बाहेर येतं. मग हे यंत्र नाय, पंच हायेत पंच."

त्या दिवसापासून माणूस झपाटला. उपग्रह तेव्हा थोडे होते, चार जण एकदम डोक्यावर यायची वेळ दिवसातून एकदोनदाच सापडायची. साहेब कॉम्प्युटरवरून त्या वेळांचा कागद काढायचे. काका तो कागद घडी घालून पंचांगात ठेवायचे आणि सकाळी आल्या आल्या वाचून दाखवायचे: "आजचा मुहूर्त अकरा चाळीस ते बारा पंचावन्न. नंतर एक पाहुणा डोंगराआड जातो." एकदा राहुकाळ आणि मुहूर्त एकाच वेळी आले. काकांनी बराच विचार करून निकाल दिला, की राहू आपल्या जागी आणि उपग्रह आपल्या जागी, दोघांची ओळख नाही.

त्यांच्याबरोबर चालणं ही एक शिक्षा होती. ते पावलं मोजायचे. सवय इतकी मुरलेली, की रस्त्यात कुणी भेटलं तरी मोजणं थांबत नसे. शेजारी विचारायचा, "काय, कुठं निघालात?" तर हे उत्तर द्यायचे, "चारशे बारा," आणि पुढे जायचे. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं. बुटाला नवा तळ लावला, की पहिल्या दिवशी सातपूरच्या सरळ रस्त्यावर फेऱ्या मारून ते पाऊल पुन्हा जुळवून घ्यायचे. मी एकदा खोडी काढायची म्हणून मधेच माझेच आकडे मोठ्याने म्हणायला लागले, तर काका थांबले, गुपचूप मागे फिरले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि पहिल्यापासून चालत आले. मला काही बोलले नाहीत. मीच ओशाळले.

आणि चहा. चहाचं तर विचारूच नका. मोजणीला गेलं, की कुणाच्याही दारचा चहा नाही, पाणी नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. फिरकीच्या तांब्यातून स्वतःचं पाणी न्यायचे. "ज्याच्या घरचा चहा, त्याच्या अंगाला मोजणीची साखळी ढिली पडते," हे त्यांचं वाक्य. मोजणी चालू असताना दोन्हीकडच्या कुणाशी बोलायचंही नाही, कुणी जवळ आलं की म्हणायचे, "काय असंल ते अर्जात लिव्हा." सरकारी नोकरीत ही शिस्त शोभते हो, पण सिन्नरच्या कारखान्यात आम्ही रिकाम्या प्लॉटची मोजणी करत होतो, भांडण कुणाचं कुणाशी नव्हतं, आणि मॅनेजरने समोसे मागवले होते. गरम समोसे. काका म्हणाले, "मोजणी चालू हाय," आणि माझ्यादेखत ती प्लेट परत गेली. त्या समोशांचा मला आजही राग आहे.

पेठकडच्या डोंगरात गेलो तेव्हा मात्र मी ऐकलं नाही. एका पाड्याशेजारी तिपाई लावून चौथ्या पाहुण्याची वाट बघत आम्ही बसलो होतो. नागलीच्या शेतातून एक बाई आली, काय चाललंय म्हणून विचारू लागली. काका गंभीरपणे म्हणाले, "वरून चार पाहुणे यायचेत." बाई गेली आणि तासाभराने नागलीच्या चार भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली. पाहुणे कुठे आहेत म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. मी काकांकडे बघितलं, काकांनी नकारार्थी मान हलवली. मग चारही भाकऱ्या मी खाल्ल्या, पाहुण्यांच्या नावाने.

खाऊन झाल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. म्हटलं, काका, इथे कुणाचा बांध नाही, कुणाचा तंटा नाही, हा कसला हट्ट? तेव्हा त्यांनी मला एका विहिरीची गोष्ट सांगितली. सांगताना माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत होते.

"नोकरीला लागून चार वर्सं झाली व्हती. सायखेड्याच्या पुढं नदीकाठचं एक गाव. दोघांचा बांध. एकाचं रान नदीच्या अंगाला, दुसऱ्याचं वरच्या अंगाला. नदीकडच्यानं विहीर खणली व्हती, स्वतःच्या हातानं, दोन उन्हाळे खपून. पाणी लागल्यावर वरच्यानं मोजणीचा अर्ज टाकला. मी गेलो, हद्दीच्या दगडापासून साखळी धरली, अन् विहीर निघाली वरच्याच्या रानात. सगळीच्या सगळी."

"मग?"

"मग काय. सही केली अन् आलो. गाव त्याला बिगारी म्हणायला लागलं. दुसऱ्याची विहीर फुकट खणून दिली म्हणून. पोरालाबी शाळेत बिगारीचा म्हणायचे. त्या दिवशी तो मला येवढंच म्हणाला, 'सायेब, मी माझं रान वळखतो.' त्यानंतर त्या विहिरीकडं तो फिरकला नाय. तीस वर्सं झाली."

"पण तुमची मोजणी बरोबर होती ना?"

"तीच तर बोंब हाय. साखळी मी तीनदा टाकली. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे तिचे, एक आणा इकडचा तिकडं झाला नाय. पण एकाच दगडावरून. दुसरा दगड नदीपल्याड टेकाडावर. त्या दोन दगडांमधलं अंतर जुन्या नकाशात लिव्हलेलं हाय. ते मोजलं असतं तर ताळा जमला असता. पण मधी नदी अन् बाभळीचं रान, साखळी जाणार कशी? ताळा राह्यला." मग त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "ह्याला मधलं काय दिसावं लागत नाय. दोन दगडांवर दोन यंत्रं बसवली की झालं. तुमच्या सायबांनी ही आणायचं चालवलंय असं मी ऐकलं, म्हणून तर आलो तुमच्याकडं. मला कळलं पायजे इंजिनेर, तो खोटा का मी."

आता बोला. मी त्यांना खुळा म्हातारा समजत होते, आणि हा माणूस एका ताळ्यासाठी पुन्हा नोकरीला लागला होता. मी तिथेच ठरवलं, की हे झालंच पाहिजे. साहेबांच्या मागे मी आठ दिवस भुणभुण लावली. यंत्रं परत जायला आठवडा उरला तेव्हा ते वैतागून म्हणाले, "जा बाई, रविवारी जीप घेऊन जा, पण सोमवारी मला तोंड दाखवू नका."

रविवारी मी इतकी उत्साहात होते, की पहाटेच ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिले. काका माझ्याही आधी आले होते. ड्रायव्हरला एक यंत्र देऊन पुलावरून नदीपलीकडच्या टेकाडावर सोडलं. घड्याळं जुळवून घेतली, कारण दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालायला हवी होती. आम्ही दोघं दुसरं यंत्र घेऊन अलीकडच्या दगडाकडे गेलो.

दगड म्हणजे म्हसोबा झालेला. आमच्याकडे हे नवं नाही, हद्दीचा दगड दिसला की लोक त्याला शेंदूर लावतात, आणि एका परीने बरंच करतात, देवाला कुणी उपटून फेकत नाही. ओटा बांधलेला, वर लिंबं वाहिलेली. वरच्या अंगाचं रान ज्याच्याकडे होतं तो शेतकरी तिथेच द्राक्षाच्या बागेत होता, चाळिशीचा असेल. अर्ज टाकणारा त्याचा बाप, तो केव्हाच वारला होता. देवाच्या डोक्यावर हे काय ठेवताय म्हणून तो धावत आला. काकांनी चपला काढल्या, नारळ फोडला आणि सांगितलं, "जुन्या मोजणीचा ताळा घ्यायचाय. देवाला धक्का लागणार नाय." मग शेंदरात बोट घालून दगडाच्या माथ्यावरची फुली चाचपली आणि तिपाईचा ओळंबा बरोबर तिच्यावर आणला. फुली तिथे होती. काकांनी जवळजवळ माझा हातच दाबला. एक तास आम्ही दोघं उन्हात उभे होतो आणि चारातला एकही पाहुणा उठला नाही.

तेव्हा निकाल जागेवर मिळत नसे. दोन्ही यंत्रांतला मजकूर फ्लॉपीवर घेऊन ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हिशेब लावावा लागायचा. चार वाजता सातपूरला पोचलो. कॉम्प्युटर घरघरत होता आणि काका माझ्या खुर्चीमागे उभे होते. आकडा आला. जुन्या नकाशातल्या अंतरापेक्षा चौदा फूट कमी.

"चौदा?" काका म्हणाले. "इंच?"

"फूट, काका."

ते बसले नाहीत. मी अँटेनाची उंची तपासली, सगळी नोंद पुन्हा घातली, हिशेब दुसऱ्यांदा लावला. चौदाच. साहेबांना घरी फोन केला. ते म्हणाले, असल्या कामात हे यंत्र चुकलं तर बोटाएवढं चुकेल, चौदा फूट शक्य नाही. काका खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"यंत्र चुकलं नाय. साखळी मी तीनदा टाकली, मीबी चुकलो नाय. पल्याडच्या टेकाडावरचा दगड कातळात खोदलेला, तो हालत नसतो. मग चौदा फूट खाल्ले कुणी?"

 माझी झोप उडाली होती आणि सगळ्या अंगात कसलं तरी वारं भरलं होतं. बुधवारी यंत्रं खोक्यात भरायची होती. मंगळवारी दुपारी कुणाला न सांगता आम्ही पुन्हा त्या ओट्यापाशी गेलो.

या वेळी तिथे एक म्हातारी देवाला तेल घालत होती. तिने काकांना बघितलं आणि तेलाची वाटी खाली ठेवली. ती त्या विहीर खणणाऱ्याची बायको होती.

"तू तोच ना, साखळीवाला?"

"तोच, आक्का."

"आता काय मोजायचं राह्यलं?"

काका एवढे बोलके, पण ते नुसतेच चपला काढत राहिले. म्हणून मीच सांगितलं. या दगडापासून तेव्हा साखळी धरली होती, नदीपलीकडच्या दगडापर्यंतचं अंतर आता चौदा फूट कमी भरतंय, आणि का ते आम्हाला समजत नाहीये. म्हातारी काकांकडे वळली.

"ह्या देवापासून धरली व्हतीस साखळी?"

"व्हय."

"अरं, हा देव हितला नाय. तो त्या गाडीवाटेच्या मधी व्हता. माझं लगीन झालं त्या साली गावानं वाट रुंद केली, तवा त्याला उचलून नदीकडं घेतला अन् हा वटा बांधला. माझ्या सासऱ्यानं खांदा दिला व्हता देवाला."

तिचं लग्न म्हणजे विहिरीच्याही आधीची, मोजणीच्याही आधीची गोष्ट. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दगड चौदा फूट नदीकडे सरकला, त्याच्यापासून मोजलेली हद्दही चौदा फूट नदीकडे सरकली, आणि नऊ फूट रुंद विहीर अलगद वरच्याच्या रानात गेली. साखळी खरी, यंत्र खरं, आणि मधल्या मधे देव हललेला.

"मग तवाच का नाय सांगितलं आक्का?" काकांनी विचारलं.

"साखळी कुठून धरायची असती ते आमाला काय ठावं? आमाला वाटलं, सरकारी कागदात असंल. अन् सांगणार कवा? दोन बारी चहा टाकला मी त्या दिवशी. हे म्हनले, सायेब बसला की बोलू. तू आमच्या दारचा पाण्याचा घोट घेतला नाय. हे बोलाया आले तर तू म्हनलास, अर्जात लिव्ह. आमाला कुठं लिव्हता येतंय?" ती हे चिडून म्हणाली नाही, त्यामुळे जास्त लागलं. "घटकाभर बसला असतास तर देवाची गोष्ट निघालीच असती. दारी आलेल्या परत्येकाला आमी ती सांगतो."

काका ओट्याच्या कडेला टेकले. ज्या शिस्तीचा त्यांनी जन्मभर अभिमान बाळगला, तिनेच त्यांना फसवलं होतं. मला वाटलं, म्हातारा आता खचला. पण काय माणूस होता तो. दोन मिनिटांनी ताडकन उठला, जुन्या नकाशाची नक्कल उघडली, ओट्यापासून नदीच्या उलट अंगाला चौदा फूट टेप धरला आणि गाडीवाटेच्या बरोबर मधे उभा राहिला.

"कुदळ पायजे."

कुदळ द्राक्षवाल्याने आणली. एव्हाना गाव जमलं होतं. काकांनी त्याला सांगून टाकलं, की इथे खाली कोळसा निघाला तर विहीर तुझी नाही. जुने मोजणीदार हद्दीचा दगड रोवताना खड्ड्यात कोळसा पुरायचे. कोळसा कुजत नाही, आणि दगड हलवणाऱ्याला खालचा कोळसा हलवायचं सुचत नाही.

"निघाला तर कागद बदलंल का?" त्याने विचारलं.

"नाय. कागदाला तीस वर्सं उशीर झाला, अन् ह्या यंत्राचा दाखला अजून कुठं चालत नाय."

त्याने कुदळ काकांच्या हातात दिली नाही. स्वतःच धोतर खोचून खणायला लागला. गाडीवाट चाकांनी दगडासारखी घट्ट झालेली, ठिणग्या उडत होत्या. हातभर खणून झालं, काही नाही. कुणीतरी मागून हसलं. मी गर्दीतून पुढे घुसून खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसले. दीड हातावर माती बदलली. तो खाली वाकला, मूठभर माती उचलून त्याने चुरली, आणि त्याची बोटं काळी झाली. त्याला गप्प बसता आलं असतं. त्याचीच विहीर जात होती.

"कोळसा हाय," तो म्हणाला.

काका तडक त्या विहीर खणणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगणात गेले, मी मागोमाग. म्हातारा बाजेवर बसला होता, सगळं त्याला तिथून दिसत होतं, पण तो उठून आला नव्हता. काकांनी त्याच्या पायाला हात लावला.

"चुकलो. विहीर तुमच्याच रानात व्हती."

म्हाताऱ्याने पाय मागे घेतले.

"मला काय सांगतो? खणली कुणी? मला ठावंच व्हतं." त्याने ओट्याभोवतीच्या गर्दीकडे हनुवटी केली. "त्यांना सांग."

काका परत ओट्यापाशी आले. कागद नाही, चष्मा नाही, दवंडीवाल्यासारखे हात तोंडाशी धरून ओरडले. "ऐका. ह्या बांधाची मोजणी तीस वर्सांपूर्वी मी केली. ती चुकली. ह्यांनी विहीर स्वतःच्या रानात खणली व्हती. ह्या गावात बिगारी कुणी नव्हतं. चूक माझी हाय." मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. द्राक्षवाला खड्ड्यात तसाच उभा होता.

गर्दी मागून दुभंगली. म्हातारा काठी टेकत आला होता, म्हातारी त्याच्या मागे. तो काकांच्या शेजारी उभा राहिला, पण त्याने काकांकडे बघितलं नाही. समोरच्या लोकांकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे, कुणालाही न वगळता. सगळे बघून झाल्यावर म्हणाला, "पुन्हा म्हण."

काकांनी पुन्हा म्हटलं.